जहाजावरचे मोझाइक आणि त्याआधीचे संकल्पचित्र

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांना ‘संकल्पचित्र’ हा शब्द नवीन नाही. चौकोन किंवा वर्तुळ आखायचे, त्यात पाने-फुले वा भौमितिक आकार बसवायचे, रंग भरायचे आणि परीक्षकाच्या हवाली करायचे. आपल्यापैकी बहुतेकांचा संकल्पचित्राशी संबंध तेथेच संपतो. वास्तविक संकल्पचित्र हे कामाचा शेवट नसून सुरुवात असते. ते पुढे कोठेतरी, कोणत्या तरी पदार्थात, दुसऱ्या कोणाच्या तरी हातून उतरायचे असते. हे नीट समजण्यासाठी थोडे दूरचे उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे जहाजावर बसवल्या जाणाऱ्या मोझाइकचे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे घरात जी ठिपक्याठिपक्यांची घोटलेली लादी असते तिला सर्रास ‘मोझाइक’ म्हणतात. गच्चीवर कपबशांचे आणि टाइल्सचे तुकडे बसवतात, त्याला गवंडी ‘चायना मोझाइक’ म्हणतात. या लेखात अभिप्रेत असलेले मोझाइक म्हणजे दगड, काच किंवा भाजलेल्या मातीचे लहान लहान तुकडे एकाशेजारी एक बसवून तयार केलेले चित्र. मराठीत त्याला कुट्टिमचित्र असाही शब्द आहे. परंतु तो ग्रंथातच राहिला. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या भगिनींना हे काम लवकर समजेल. आधी ठिपके, मग रेषा, मग रंग हा क्रम चुकला की रांगोळी बिघडते. फरक इतकाच की रांगोळी बिघडली तर पुसता येते.

आता जहाजाकडे वळू. जहाजावरील मोझाइकचे सर्वांत जुने आणि सर्वांत भव्य वर्णन सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या एका जहाजाचे आहे. सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचे ग्रीक राज्य होते. तेथील राजा दुसरा हिएरॉन याने इ. स. पू. तिसऱ्या शतकात ‘सिराक्यूसिया’ नावाचे अवाढव्य जहाज बांधवले. मोस्खिऑन नावाच्या लेखकाने त्याची हकीकत लिहून ठेवली होती. तो मूळ ग्रंथ आज नाही, पण इ. स. २०० च्या सुमारास अथेनिअस या लेखकाने आपल्या ग्रंथात त्यातला मोठा उतारा घेतला आणि म्हणून आपल्याला ते जहाज माहीत आहे.

या हकीकतीतील तपशील थक्क करणारे आहेत. एटना पर्वतावरून साठ युद्धनौकांना पुरेल इतके लाकूड आणले. दोरखंडांचा माल स्पेनकडून, ताग व डांबर ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून आले. मदतनीस सोडून तीनशे कारागीर कामावर होते. मुख्य बांधकाम करिंथच्या आर्खिअस या माणसाकडे होते आणि देखरेख प्रत्यक्ष आर्किमिडीजकडे होती. सहा महिन्यांत अर्धे जहाज झाले, त्याला शिशाचे पत्रे मढवले आणि आर्किमिडीजच्या यंत्राने ते पाण्यात लोटले. उरलेले काम पुढच्या सहा महिन्यांत पाण्यातच झाले. वर बाग होती, तिला शिशाच्या नळांतून पाणी जाई. व्यायामशाळा होती, ग्रंथालय होते, तीन ब्राँझच्या टाक्यांचे न्हाणीघर होते, दोन्ही बाजूंना मिळून घोड्यांचे वीस ठाण होते, मासे ठेवण्याचे टाके होते. तळाशी साचलेले पाणी एकटा माणूस स्क्रूच्या पंपाने उपसून टाकी.

मधल्या मजल्यावर चार-चार मंचकांच्या तीस खोल्या, जहाजाच्या अधिकाऱ्यासाठी पंधरा मंचकांचे दालन आणि त्याला लागून तीन लहान खोल्या होत्या. या सर्वांच्या जमिनी तऱ्हेतऱ्हेच्या दगडांचे तुकडे बसवून केलेल्या होत्या आणि त्यांवर होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याची संपूर्ण कथा अद्भुत रीतीने साकारली होती, असे अथेनिअसच्या उताऱ्यात स्पष्ट म्हटले आहे. अफ्रोडायटी देवीच्या दालनात जमीन अकीकाची आणि बेटावर सापडणाऱ्या इतर सुंदर दगडांची होती.

आता जरा थांबून हिशेब करा. तीस खोल्यांपैकी प्रत्येकीत मंचकांच्या मधली मोकळी जागा दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद धरली, तर एका खोलीत चार चौरस मीटर आणि एकूण एकशेवीस चौरस मीटर जमीन होते. तुकडा एक सेंटिमीटरचा धरला तर एका चौरस मीटरला दहा हजार तुकडे, म्हणजे सगळे मिळून बारा लाख. हा माझा अंदाज आहे, ग्रंथातला आकडा नव्हे. पण एवढे तुकडे ‘बसवता बसवता सुचेल तसे’ बसवून महायुद्धाची कथा तयार होत नाही, हे कोणालाही पटेल. त्यापूर्वी कोणीतरी बसून ठरवले असले पाहिजे की कोणत्या खोलीत कोणता प्रसंग घ्यायचा, डावीकडच्या खोल्यांतून कथा कशी पुढे न्यायची, भिंतीलगतचे मंचक कोठे येतात आणि कोणता भाग त्यांच्याखाली झाकला जाईल. ग्रीकांच्या भोजनदालनात मंचक भिंतीकडेने मांडत, म्हणून कडेचा पट्टा साधा ठेवून मध्यभागीच चित्र करण्याची रीत होती. म्हणजे जमिनीच्या चित्राची सुरुवात खुर्ची-टेबलाच्या मापांपासून होते! भिंतीवरच्या चित्राला वर-खाली असते. जमिनीच्या चित्राला चारही बाजूंनी प्रेक्षक असतात, हीही अडचण आहेच.

हे संकल्पचित्र काढणारा कोण? मोस्खिऑनने आर्खिअसचे नाव दिले, आर्किमिडीजचे दिले. जहाजावर स्तुतिपर कविता लिहिणाऱ्या आर्खिमेलस या कवीचे नाव दिले आणि त्याला राजाकडून एक हजार मापे गहू बक्षीस मिळाला हेही सांगितले. मुख्य डोलकाठीला योग्य असे झाड काही केल्या सापडेना, ते डोंगरात एका डुकरे राखणाऱ्याने शोधून दिले, हेही त्याने नोंदवले. त्या गुराख्याचे नाव नसले तरी निदान त्याच्या कामाची नोंद झाली. इलियडची चित्रे आखणाऱ्याची आणि बारा लाख तुकडे बसवणाऱ्यांची मात्र ओळही नाही. चित्र ‘अद्भुत’ होते, एवढेच काय ते लिहिले. कवीला गहू मिळाला, त्यांना काय मिळाले असेल याचा विचार वाचकांनी करावा.

त्या काळी आधी नमुना करून मग मोझाइक बसवत, याला मात्र लेखी पुरावा आहे, आणि तो याच शतकातला आहे. इजिप्तमध्ये टॉलेमी राजाच्या अर्थमंत्र्याच्या जमिनींचा कारभार झेनॉन नावाचा माणूस पाही. त्याची कागदपत्रे वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकली. त्यांतल्या एका पपायरसवर फिलाडेल्फिया गावातल्या स्नानगृहाच्या मोझाइक जमिनीचा तपशील आहे. कोणता पट्टा किती रुंद घ्यायचा, मध्यभागी फूल कसे घ्यायचे हे त्यात लिहिले असून, काम राजवाड्याकडून आलेल्या नमुन्याबरहुकूम करावे अशी सूचना आहे. आपल्याकडच्या टेंडरचीच भाषा म्हणा ना! आश्चर्य असे की, सिराक्यूसिया जहाजसुद्धा शेवटी इजिप्तलाच गेले. ते मावेल असे बंदरच राजाला सापडेना. त्या वेळी इजिप्तमध्ये धान्याची टंचाई होती, म्हणून हिएरॉनने ते धान्यासह टॉलेमी राजाला भेट पाठवले. पाठवताना त्याने जहाजाचे नाव बदलून ‘अलेक्झांड्रिस’ ठेवले.

कागदावरच्या नमुन्याखेरीज जागेवरही आखणी करत. इस्रायलमधील लोद येथे १९९६ साली सापडलेली रोमन काळातील मोठी मोझाइक जमीन २००९ साली जतनासाठी उचलली, तेव्हा खालच्या चुन्याच्या थरावर कारागिरांनी मारलेल्या आखणीच्या रेषा मिळाल्या. त्याबरोबर ओल्या चुन्यात उमटलेले त्यांच्या पावलांचे ठसेही मिळाले. सतराशे वर्षे ते चित्राखाली झाकलेले होते.

जहाजावरच्या मोझाइकचे प्रत्यक्ष तुकडे पाहायचे तर इटलीतील नेमी सरोवराकडे जावे लागते. रोमचा सम्राट कॅलिग्युला (कारकीर्द इ. स. ३७ ते ४१) याने या लहानशा सरोवरात दोन प्रचंड तरंगते महाल बांधवले. दोन्ही सुमारे सत्तर मीटर लांब होते. पुढे ते बुडाले. पंधराव्या शतकापासून लोक ते वर काढण्याची खटपट करत होते. त्यात लाभापेक्षा नासधूसच अधिक झाली. अखेर १९२८ पासून पंपांनी सरोवराचे पाणी उपसून पातळी खाली नेली आणि दोन्ही जहाजे उघडी पडली. त्यांच्यासाठी काठावर संग्रहालय बांधले. ३१ मे १९४४ च्या रात्री, युद्धाच्या धामधुमीत, ते जळाले आणि दोन्ही जहाजांची राख झाली.

येथील जमिनीचे काम वेगळ्या जातीचे होते. सारख्या आकाराच्या तुकड्यांऐवजी तांबड्या आणि हिरव्या कठीण दगडांचे वर्तुळ, कोन, पाकळ्या असे आकार कापून संगमरवरात बसवलेले होते. अशा कामात आखणी कंपासाने होते आणि प्रत्येक आकाराचा साचा आधी कापावा लागतो. संकल्पचित्रात केसाएवढी चूक झाली तरी शेवटचा तुकडा बसत नाही. या जमिनीचा एक चौरस तुकडा न्यूयॉर्कच्या एका घरात सुमारे पंचेचाळीस वर्षे चहाच्या टेबलाचा पृष्ठभाग म्हणून वापरात होता! २०१७ साली तो ताब्यात घेऊन इटलीला परत देण्यात आला आणि २०२१ पासून नेमीच्या संग्रहालयात मांडला आहे.

आधुनिक काळातील पद्धत पाहू, कारण विद्यार्थ्यांना उपयोगी तीच आहे. चित्रकार प्रथम लहान रंगीत चित्र करतो, बहुधा प्रत्यक्षाच्या एकदशांश मापाने. ते मंजूर झाले की त्यावर चौकटी आखून तेच चित्र पूर्ण मापाच्या जाड कागदावर उतरवतात. या जाड कागदाला इटालियन भाषेत ‘कार्तोने’ म्हणतात. त्यावरून इंग्रजीत ‘कार्टून’ शब्द आला. व्यंगचित्राला ते नाव पडले ते १८४३ साली. लंडनच्या पार्लमेंटमधील भित्तिचित्रांसाठी कलावंतांची कार्टून्स प्रदर्शनात मांडली होती, त्यांची ‘पंच’ साप्ताहिकाने टर उडवली, तेव्हापासून. आपण आर. के. लक्ष्मण यांच्या चित्राला कार्टून म्हणतो त्याचे मूळ हे असे गवंडीकामाच्या कागदात आहे.

एकोणिसाव्या शतकात जानदोमेनिको फाकीना या इटालियन कारागिराने पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या कामात उलट्या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. या पद्धतीत पूर्णाकृती आराखडा आरशातल्याप्रमाणे उलटा करतात. त्या कागदावर तुकडे दर्शनी बाजू खाली करून खळीने चिकटवतात. मग कागदाचे भाग कापून त्यांवर क्रमांक घालतात. जागेवर ओल्या सिमेंटवर तो कागद तुकड्यांसह दाबून बसवायचा, सुकल्यावर कागद पाण्याने भिजवून काढायचा, की चित्र सुलट दिसते. जहाजाच्या कामाला ही पद्धत फारच सोयीची आहे. गोदीत जहाज उभे असते तेव्हा सुतार, विजेचे तंत्रज्ञ, नळवाले, रंगारी सगळे एकाच वेळी तेथे राबत असतात. तेथे मोझाइकवाल्याला महिनाभर जागा अडवून बसू कोण देणार? सर्व काम शहरातल्या कारखान्यात करायचे आणि क्रमांक घातलेले कागद पेट्यांत भरून गोदीत न्यायचे, हे उत्तम.

या पद्धतीतला धोका मी स्वतः अनुभवला आहे. एका शाळेच्या भिंतीवर विद्यार्थ्यांनी काचेच्या तुकड्यांत शाळेचे नाव करायचे ठरवले. मुलांनी सुट्टीत खपून कागदावर तुकडे चिकटवले. आखणी उलटी करायची, हे सांगायचे मी विसरलो. भिंतीवरचा कागद ओला करून काढला तेव्हा सगळे नाव उलटे! मुले हसली, मला मात्र हसू आले नाही. अक्षरांची चूक निदान लगेच दिसते. माणसाच्या चित्रात ढाल उजव्या हातात आणि तलवार डाव्या हातात गेली तर पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. रॅफेलसारख्या थोर चित्रकारालाही व्हॅटिकनच्या पडद्यांसाठी चित्रे उलटी काढावी लागली, कारण विणकर मागच्या बाजूने विणत. त्याच्या त्या कार्टून्सच्या विणकरांनी पट्ट्या कापल्या होत्या. त्यांतली सात आज लंडनच्या संग्रहालयात आहेत.

जहाजासाठी काढलेल्या संकल्पचित्राला आणखी काही बंधने असतात, ती इमारतीला नसतात. पहिले वजनाचे. चार मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला दहा किलो भरते. एक सेंटिमीटरचा दगड आणि त्याखाली तीन सेंटिमीटरचा चुना-वाळूचा थर घेतला तर ते ऐंशी-नव्वद किलोंवर जाते. वर मोजलेल्या एकशेवीस चौरस मीटरचे याप्रमाणे सुमारे दहा टन होतात. हे वजन जहाजाच्या वरच्या मजल्यावर आले तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जहाज कलल्यावर सावरायला वेळ लागतो. म्हणून चित्रकाराच्या कागदावर जहाज बांधणाऱ्या इंजिनिअरचीही सही लागते. मोझाइक जितके वर, तितके पातळ.

दुसरे बंधन वाकण्याचे. लोखंडी जहाज हे ताठ दिसते, पण लाटेचा उंचवटा त्याच्या मध्याखाली आला की दोन्ही टोके किंचित झुकतात, आणि लाटेचा खळगा मध्याखाली आला की मधला भाग झुकतो. प्रत्येक लाटेगणिक हे चालते. शिवाय उन्हाने पत्रा तापून पसरतो, इंजिनाची थरथर असतेच. अखंड सिमेंटचे काम अशा ठिकाणी तडकणारच. म्हणून चित्र लहान भागांत तोडून मधे लवचीक सांधे ठेवतात. आता हा सांधा एखाद्या चेहऱ्याच्या मधोमध आला तर? येथे चित्रकाराचे खरे कसब लागते. सांध्याच्या रेषा आधी आखून घ्यायच्या आणि वस्त्राची कड, झाडाचे खोड, क्षितिज अशा ठिकाणी त्या लपवायच्या.

आगीच्या बाबतीत मात्र मोझाइकचा लाभच आहे. १९३४ साली ‘मॉरो कॅसल’ या अमेरिकन जहाजाला आग लागून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर जहाजांवरील लाकूड, कापड, तैलरंग यांच्याकडे संशयाने पाहू लागले. १९५२ साली धावू लागलेल्या ‘युनायटेड स्टेट्स’ या जहाजात लाकूड जवळजवळ टाळले आणि सजावटीसाठी ॲल्युमिनियम व काच यांवर भर दिला. काच आणि दगड जळत नाहीत.

संकल्पचित्र मंजूर झाले म्हणजे सारे झाले, असेही नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण मोझाइकचे नसून रंगचित्रांचे आहे, पण जहाजाचेच आहे. ‘क्वीन मेरी’च्या मुख्य दिवाणखान्यासाठी १९३५ साली डंकन ग्रँट या ब्रिटिश चित्रकाराला काम दिले होते. त्याने आधीची चित्रे दाखवली, सुचवलेले बदल केले, मोठे फलक रंगवले. १९३६ साली कंपनीच्या अध्यक्षांनी ते पाहून नापसंत केले आणि जहाज त्यांच्याविनाच निघाले. लंडनच्या कलाक्षेत्रात मोठा गदारोळ झाला, चित्रकाराला भरपाई मिळाली, पण भिंत मिळाली नाही. माझ्या मते कंपनीला नको असेल तर नको म्हणण्याचा अधिकार होता. मात्र तो लहान चित्र पाहतानाच वापरायला हवा होता. लहान चित्र त्यासाठीच असते.

आणि जहाजाचा अंत? तो पुष्कळदा आपल्याच किनाऱ्यावर होतो. मुंबईत दारूखान्याला जहाजे तोडताना अनेकांनी पाहिले असेल. गुजरातमधील अलंग येथे १९८३ पासून हा धंदा फार वाढला. १९६२ साली पहिल्या सफरीवर निघालेले ‘फ्रान्स’ हे डौलदार प्रवासी जहाज पुढे ‘नॉर्वे’ आणि शेवटी ‘ब्लू लेडी’ होऊन २००६ साली अलंगला आले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तोडण्यास परवानगी दिली. त्याच्या नाळेचे टोक २००९ साली पॅरिसच्या लिलावात विकले गेले. कॅनव्हासवरचे चित्र, लाकडी फलक, झुंबर हे तोडण्यापूर्वी उतरवता येते. पत्र्याला सिमेंटने जखडलेले मोझाइक तसे उतरत नाही. गॅस कटरने पत्रा कापला जातो आणि तुकडे वाळूत पडतात. कारागिराला पत्र्याच्या टनावारी मजुरी, त्यावरच्या चित्राचा हिशेब त्यात नाही.

मागे राहतो तो कागद. कोणाच्या कपाटात, कोणत्या संग्रहालयाच्या खणात असे संकल्पचित्र असले, तर ते ‘कच्चे काम’ म्हणून बाजूला सारू नये. त्याच्या समासात पाहावे. मापाचे प्रमाण लिहिलेले असते. चौकटीच्या पेन्सिलरेषा दिसतात. रंगांशेजारी काचेच्या छटांचे क्रमांक असतात, कोपऱ्यांना टाचण्यांची भोके असतात आणि चित्रावरून जाणाऱ्या, चित्राशी काही संबंध नसल्यासारख्या वाटणाऱ्या सरळ रेषा म्हणजे सांध्याच्या जागा. कागद उलटा आहे की सुलटा, हे अक्षरांवरून कळते. अक्षरे नसतील तर माणसांच्या हातांवरून. चित्रकाराची सही बहुधा खाली उजवीकडे सापडते. तुकडे बसवणाऱ्याची सही त्या कागदावर कधीच नसते, पण खळीचे डाग असतात.